गोठ्याला परवानगी कुणाची?

किनवटच्या जंगलातला एक वाघ २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाघिणीच्या शोधात तेलंगणात उतरला. ‘जॉनी’ या नावाने तो बातम्यांत गाजला. आदिलाबाद जिल्ह्यातलं बोथ, मग निर्मल जिल्ह्यातली कुंटाळा, सारंगापूर, मामडा, पेंबी ही मंडलं, असा त्याचा फेरा झाला. महबूब घाटाच्या भागात त्याने हैदराबाद-नागपूर महामार्गही रात्रीचा ओलांडला. वाटेत गुरं मारली. कुंटाळा म्हणजे भैंशाचा शेजार आणि भैंसा म्हणजे मुधोळचा. काळ्या रानात कापूस, सोयाबीन, तूर घेणाऱ्या मुधोळच्या शेतकऱ्याला बैलजोडी रात्री कुठे आणि कशी बांधायची याचा विचार करायला लावील, एवढंच हे अंतर.

हे मुधोळ गोदावरीकाठच्या बासरजवळचं. शिकारी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेलं मुधोळ कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. त्याचा इथे संबंध नाही. आपलं मुधोळ जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, २०१६ च्या जिल्हा पुनर्रचनेनंतर निर्मल जिल्ह्यातलं. त्याही आधी ते नांदेडचं होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला, पण मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही तीन सर्कल वगळून. ती आंध्र प्रदेशात राहिली. उलट आदिलाबादचा किनवट तालुका नांदेडला आला. त्यामुळे इथे बोली मराठी, कचेरीची भाषा तेलुगू, आणि जंगल दोन्ही राज्यांत पसरलेलं.

मराठवाड्यात शेतावरच्या वस्तीला आखाडा म्हणतात. एक खोपट, चार मेढींवर तोललेलं छप्पर, तुराट्या-पऱ्हाट्यांचा कुड, आत दावण, बाहेर कडब्याची गंजी आणि उकिरडा. हे उभं करताना बाप-आज्यांनी कुणाला विचारलं नाही आणि त्यांना कुणी अडवलंही नाही. पण शेत राखीव जंगलाला लागून असेल, गाव व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमध्ये येत असेल, किंवा कुडाच्या जागी विटा आणि छपराच्या जागी पत्रे घालायचे असतील, तर प्रश्न उभा राहतोच: परवानगी लागते का, आणि कुणाची? पंचायत सेक्रेटरी एक सांगतो, तहसील दुसरं सांगतं, जंगलाचा बीट अधिकारी तिसरंच. बहुतेक वेळा तिघंही खरं बोलत असतात. प्रत्येकजण आपापल्या कायद्यातून बोलतो, इतकंच.

या गुंत्यातून वाट काढायला तीन प्रश्न पुरतात, मात्र ते क्रमानेच विचारायला हवेत. जमीन कोणती? काम कोणतं? बांधकाम कसं? गोठा केवढा, हा प्रश्न चौथा. लोक नेमके त्यापासून सुरुवात करतात. ‘लहानसाच आहे हो’ म्हणतात आणि तिथेच फसतात. कारण जमीन चुकीची असेल तर चार मेढींचं छप्परही अतिक्रमण ठरतं.

जमीन कोणती?

जमिनीचे ढोबळ चार प्रकार धरू.

पहिली खाजगी पट्ट्याची. पासबुकावर नाव आहे, पेरणी आपली आहे. तिच्यावर स्वतःच्या जनावरांसाठी गोठा बांधणं हा शेतीचाच भाग. जंगल कितीही जवळ असलं, तरी जवळ असल्यामुळे पट्ट्याची जमीन जंगल होत नाही. काही ठिकाणी तिच्यावर जादा बंधनं येतात. त्यांचा विचार पुढे करू.

दुसरी सरकारी पडीक आणि गायरान. गावची जनावरं तिथे चरतात म्हणून गोठाही चालेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण चराई हा गावाचा सामाईक उपयोग आणि गोठा हा एकाचा कब्जा. जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याच्या योजना आखायला देशभरच्या राज्यांना सांगितलं. त्याच वर्षी महाराष्ट्राने गायरानाबाबत कडक शासननिर्णय काढला. गायरानातल्या गोठ्याला पंचायतीने घरपट्टी लावली असली, तरी तेवढ्याने जागा नावावर होत नाही.

तिसरी राखीव जंगलाची. तेलंगणात १९६७ चा वन कायदा लागू आहे. तो मूळचा आंध्र प्रदेशचा. राखीव जंगलात जमीन साफ करणं, गुरं घुसवणं, झाडं तोडणं हे गुन्हे आहेत. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला लावायची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. या कायद्याचं नाव २०२३ च्या दुरुस्तीत बदलून ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’ झालं, पण मंजुरीचा नियम उठला नाही. बीट अधिकारी किंवा रेंज अधिकारी ही मंजुरी देऊ शकत नाही. तो अधिकारच त्यांचा नाही. त्यांनी तोंडी ‘बांधा’ म्हटलं, तर ती फक्त कारवाई न करण्याची सवलत असते.

चौथी वनहक्काची, म्हणजे या भागात जिला पोडूची जमीन म्हणतात ती. इथला इतिहास धगधगता आहे. गोंड नेता कुमरम भीम याचं बंड जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलंच. निजामाच्या काळात राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या, गोंड-कोलामांच्या वस्त्या आणि वावरं त्या रेषांच्या आत सापडली, आणि १९४० मध्ये जोडेघाटला गोळ्या चालल्या. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्याच लढ्याशी जोडलेली आहे. त्यानंतर निजाम सरकारने आदिवासींच्या प्रश्नाचा अभ्यास करायला हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला आणलं, आणि आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याचं काम सुरू झालं. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. ३० जून २०२३ रोजी आसिफाबादला पोडू पट्ट्यांच्या वाटपाची सुरुवात झाली. राज्यभरातल्या सुमारे दीड लाख लाभार्थ्यांना चार लाखांहून जास्त एकरांचे पट्टे देण्याचा तो कार्यक्रम होता.

या जमिनीवर गोठा बांधता येतो का? कायद्याच्या कलम ३(२) मध्ये जंगलजमिनीवर करता येणाऱ्या तेरा सुविधांची यादी आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची तार, तलाव, पाण्याची पाइपलाइन, रस्ता, समाजमंदिर वगैरे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. या यादीत गोठा नाही. यादी वाचून बरेचजण हताश होतात आणि कचेरीतला कारकून त्याच यादीवर बोट ठेवतो. पण ती सरकारने उभारायच्या सार्वजनिक सुविधांची यादी आहे. घरच्या गोठ्याचं उत्तर दुसरीकडे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने नियमांत १२क हा नियम आला. त्याच्या आठव्या पोटनियमाप्रमाणे स्वतः कसण्यासाठी मिळालेल्या जमिनीच्या हक्कात, ठरलेल्या मर्यादेत, शेतीला जोडून लागणारी जमीनही येते. तिथे जी उदाहरणं दिली आहेत त्यांत जनावरं ठेवण्याची जागा पहिली आहे. मग मळणी-उफणणी आणि धान्य साठवण्याची जागा येते. पोडू पट्टेधारकाच्या खळ्याला आणि गोठ्याला कायद्यात एवढी स्पष्ट जागा आहे. मर्यादा दोन. एकूण जमीन चार हेक्टरांच्या आतली हवी, आणि तिचा उपयोग पोटापाण्यासाठी असावा. अशा जमिनीवर भाड्याने द्यायचं शेड किंवा बाहेरच्या व्यापाऱ्याची डेअरी उभारणं यात बसत नाही. हा हक्क वारसाने मिळतो, विकता येत नाही.

आणखी एक धागा. उटनूर, इंद्रवेल्लीसारख्या अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीला जमीन घेता येत नाही. १९५९ चा विनियम आणि त्यातली १९७० ची दुरुस्ती लोकांच्या तोंडी ‘वन ऑफ सेव्हंटी’ म्हणून रुळली आहे. तिथे आदिवासी ओळखीच्याच्या नावावर जमीन घेऊन शेळ्यांचं शेड उभं करणाऱ्याने परवानगीच्या मागे लागू नये. पायाच खोटा आहे.

काम कोणतं?

जमीन आपली निघाली, की दुसरा प्रश्न: गोठा शेतीसाठी की धंद्यासाठी?

याबाबत महाराष्ट्राचा कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत शेतघराची व्याख्या दिली आहे. अवजारं, खत, वैरण ठेवणं, पीक साठवणं, गुरांना निवारा देणं, शेतकरी, त्याचं कुटुंब आणि गडी यांनी राहणं, आणि कसण्याच्या व्यवस्थेचा भाग असलेलं आणखी काही काम. शेतजमिनीवर अशी इमारत बांधणं हा शेतीचाच उपयोग धरला आहे. शहरांच्या हद्दीत आणि भोवतालच्या ठरावीक पट्ट्यांत जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. खेड्यातल्या शेतावर घरच्या जनावरांचा गोठा म्हणजे अकृषिक वापर नव्हे.

मुधोळला ही संहिता लागू नाही. एकाच भावकीची जमीन थोडी धर्माबादकडे आणि थोडी मुधोळकडे असेल, तर दोन गोठ्यांना दोन राज्यांचे कायदे. तेलंगणात हैदराबाद संस्थानाचा १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा अजून चालू आहे. त्याच्या जोडीला शेतजमीन बिनशेती करण्याबद्दलचा २००६ चा कायदा आहे, ज्याला कचेरीत ‘नाला’ म्हणतात. बिनशेतीचा अर्ज तहसीलदाराकडे जातो. २०२० पासून ‘धरणी’ आणि २०२५ च्या कायद्यानंतर ‘भू भारती’ ही त्याची संगणकी खिडकी. बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीच्या हाती, २०१८ च्या पंचायतराज कायद्याप्रमाणे. दोन बैल, एक म्हैस आणि तिची पारडी यांच्या गोठ्याला कुणी बिनशेती म्हणणार नाही. विकत आणलेल्या खुराकावर चालणाऱ्या पन्नास म्हशी आणि गावोगाव जाणारी दुधाची गाडी असेल, तर मात्र तो शेतीला जोडलेला गोठा राहत नाही. मधली रेषा कुठे पडते? जनावरांचं शेण त्या रानात जातं का, त्या रानाचा कडबा त्यांच्या गव्हाणीत येतो का, हे विचारलं की बहुतेक वेळा ती दिसते. कोंबड्यांच्या बाबतीत तर आकडाच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांप्रमाणे ५,००० पक्ष्यांच्या पुढच्या पोल्ट्रीला प्रदूषण मंडळाची संमती लागते.

हा भेद आपल्याकडचाच नाही. इंग्लंडमध्ये १९४७ पासून ग्रामीण भागातलं प्रत्येक बांधकाम नियोजन कायद्याखाली येतं. निसर्गसौंदर्यासाठी राखलेल्या भागांत तर जास्तच बारकाईने. जमीन शेतीसाठी वापरायला तिथे परवानगी लागत नाही आणि चराई म्हणजे शेतीच. मेंढ्या चरत असतील तर त्यांच्या निवाऱ्याला शेतीच्या सवलती मिळू शकतात. पण घोडा हौसेसाठी पाळला असेल, तर त्याचं चरणं शेतीत धरलं तरी त्याचा तबेला शेतीचा धरत नाहीत. परवानगीचा विचार तिथेही धन्याचा हेतू पाहून होतो.

बांधकाम कसं?

तिसरा प्रश्न पक्कं की हलतं, हा. याचं जुनं उत्तर धनगरांकडे आहे. मेंढ्यांचा कळप रात्री शेतात बसवतात, भोवती जाळीची वाघर लावतात, शेतकरी खताच्या मोबदल्यात धान्य देतो, दोन-चार रात्रींनी वाडा पुढच्या रानात. जमिनीत रोवलेलं काहीच मागे राहत नाही, उरतात लेंड्या, आणि त्या तर हव्याच असतात. खाजगी शेतात अशा वाड्याला कुणाची परवानगी लागत नाही. तेलंगणाने २०१७ मध्ये गोल्ला-कुरुमा कुटुंबांना ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि एक नर अशी युनिटं द्यायला सुरुवात केली. अशा कळपाला पावसाळ्यात छप्पर लागतं, आणि पक्क्या शेडचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

हलत्या निवाऱ्याची पळवाट मात्र फार ताणता येत नाही. इंग्लंडमध्ये बाथ शहराजवळच्या वुली दरीत एकाने बदकांसाठी दहा लांबलचक शेड ठेवली. प्रत्येकाचं वजन सुमारे दोन टन, खाली घसरपट्ट्या, ट्रॅक्टरने ओढून हलवता येतील अशी. ती हलतात, म्हणून त्यांना बांधकाम म्हणता येणार नाही, असं स्थानिक कौन्सिलने धरलं. शेजारी न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने कौन्सिलची भूमिका चुकीची ठरवली. नुसती चाकं किंवा पट्ट्या लावून भागत नाही. आकार, वजन, ती वस्तू प्रत्यक्षात किती काळ एका जागी राहते, हे सगळं पाहावं लागतं. आपल्याकडे राखीव जंगलाच्या कडेला लोखंडी सांगाड्याचं, ‘नटबोल्ट काढले की निघतं’ असं शेड उभारणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावं. दोन पावसाळे तिथेच उभं राहिलेलं शेड सरकारी पंचनाम्यात हलतं ठरत नाही.

जंगलाच्या आत आणि कडेला

आता ‘संरक्षित’ या शब्दाचे थर उलगडू. कावल अभयारण्य २०१२ मध्ये व्याघ्रप्रकल्प झालं. गाभा सुमारे ८९० चौरस किलोमीटर, त्याभोवतीचा बफर अकराशेहून थोडा जास्त. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले आजचे चारही जिल्हे त्यात थोडेफार आहेत. मुधोळ या रेषेच्या बाहेर, पण निर्मल जिल्ह्याच्या पूर्व टोकाचं कडेम आत. तिथली रामपूर आणि मैसंपेट ही दोन गावं गाभ्यातून उठवून बाहेर वसवली गेली. गाभ्यात नवा गोठा हा विषयच नाही; कायद्याच्या भाषेत ते माणसाच्या वावरापासून मुक्त ठेवायचं क्षेत्र.

बफरची गोष्ट वेगळी. वन्यजीव कायद्याचं कलम ३८व्ही बफरचा हेतू सांगताना माणूस आणि वन्यप्राणी यांच्या सहजीवनाची भाषा करतं, स्थानिकांच्या उपजीविकेचे आणि सामाजिक हक्क मानतं आणि सीमा ठरवताना ग्रामसभेशी सल्लामसलत करायला सांगतं. बफरमधल्या पट्ट्याच्या जमिनीवर घरगुती गोठा बांधायला या कायद्याने बंदी नाही.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाभोवती आणखी एक कडं असतं: पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र. यावरून देशभर मोठी धावपळ झाली. ३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक संरक्षित वनाभोवती किमान एक किलोमीटरचं असं क्षेत्र असावं आणि त्यात कोणत्याही कारणासाठी नवं कायमचं बांधकाम होऊ नये, असा आदेश दिला. अक्षरशः वाचला तर त्यात गोठाही आला, घराची पडवीही आली. केरळात लोक रस्त्यावर उतरले, केंद्र सरकारच न्यायालयात गेलं, आणि २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने आदेश सैल केला. सरसकट बंदी गेली. प्रत्येक क्षेत्राच्या अधिसूचनेत लिहिलेले नियम चालू लागले.

या अधिसूचनांचा साचा साधारण सारखा असतो. कामांच्या तीन याद्या: बंद, नियंत्रित आणि मोकळी. खाणी, प्रदूषण करणारे कारखाने बंद. स्थानिकांची चालू शेती, दुग्धव्यवसाय, मत्स्यशेती यांना मोकळीक. कंपन्यांचे मोठे पशुपालन आणि पोल्ट्री प्रकल्प नियंत्रित किंवा बंद. सीमेलगतच्या पट्ट्यात नव्या व्यापारी बांधकामाला मनाई, पण स्थानिक माणसाला स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या वापरासाठी बांधायची सवलत. म्हणजे ‘संवेदनशील क्षेत्र’ ऐकून घाबरायचं कारण नाही, मात्र आपल्या क्षेत्राची अधिसूचना मागून वाचायलाच हवी. ती राजपत्रात छापलेली असते आणि तिच्यात गावांची नावं असतात.

नवं क्षेत्र जाहीर होताना गावाने गप्प बसू नये, हेही अलीकडे दिसलं. ३० मे २०२५ रोजी तेलंगणाने शासन आदेश क्रमांक ४९ काढून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातलं सुमारे १,४९३ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलं. कावल आणि ताडोबा यांना जोडणारी वाघांची वाट जपणं हा हेतू. आदिवासी संघटनांनी जोरदार विरोध केला. चराई, पोडू, वस्ती यांचं काय होणार, याचं उत्तर त्यांना मिळालं नव्हतं. जुलैत सरकारने आदेश स्थगित ठेवला. वाघाची वाट खरी आणि गावची भीतीही खरी. आधी विचारलं असतं तर दोन्हींची सांगड घालायला जागा होती.

अभयारण्याजवळ राहणाऱ्यांसाठी एक कलम फार कामाचं आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३३अ प्रमाणे अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या पाळीव जनावरांना संसर्गजन्य रोगांच्या लसी टोचण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकाने करायची आहे. लाळ्या-खुरकूत गोठ्यातून गव्याकडे आणि चितळाकडे जाऊ शकतो. तेव्हा पाच किलोमीटरच्या आतल्या गावाने ही लस हक्काने मागावी.

वाघाला परवडणारा गोठा

वन खात्याला गोठ्याचं वावडं असायचं कारण नाही. उलट त्यांनीच तो बांधून द्यावा, इतका तो त्यांच्या कामाचा आहे. वाघ बहुधा रानात चरणाऱ्या गुरावर हल्ला करतो. बिबट्या मात्र वस्तीपर्यंत येतो. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात हे रोजचं झालं आहे. दावणीला बांधलेलं वासरू किंवा कुडाआड ठेवलेली शेळी त्याला सोपी. एक शेळी गेली की माणूस चिडतो, मेलेल्या जनावरावर विष टाकतो किंवा कुंपणात वीज सोडतो, आणि मग वाघ मरतो. हे थांबवायचं, तर सुरुवात रात्रीच्या बंद गोठ्यापासून होते.

बंद म्हणजे केवढा? महाराष्ट्राच्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेचा आराखडा समोर ठेवू. फेब्रुवारी २०२१ च्या शासननिर्णयात दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये धरले होते. लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर, म्हणजे २६.९५ चौरस मीटर. एका बाजूला पूर्ण लांबीची गव्हाण, जमीन पक्की आणि उताराची, मूत्र साठवायला २५० लिटरचं टाकं, पिण्याच्या पाण्याला २०० लिटरचं. दहा शेळ्यांच्या शेडला ४९,२८४ रुपये. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याच्या कामांच्या यादीतही गरीब कुटुंबांसाठी गोठा, शेळ्यांचं शेड, कोंबड्यांचं खुराडं ही वैयक्तिक कामं होती. म्हणजे गोठा ही सरकारची मान्य गरज आहे.

जंगलाकडेच्या गावात या आराखड्यात थोडा बदल हवा. बिबट्या भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या हवेच्या फटीतून आत उतरतो. ती फट बुजवली तर आत वाफ कोंडते आणि जनावरं आजारी पडतात. म्हणून तिथे विटा न लावता जाड तारेची जाळी लावावी, वर आढ्यापर्यंत आणि खाली जमिनीत थोडी पुरून. दार लाकडी फळीचं असेल तर आडणा लावावा, कारण नुसती कडी धक्क्याने निघते. शेळ्या-वासरं मधल्या कप्प्यात, मोठी जनावरं कडेला. बाहेर झुडपं साफ, म्हणजे दबा धरायला आडोसा राहत नाही. यातलं काहीही पक्क्या इमारतीसारखं भारी नाही. पट्ट्याच्या जमिनीवर, घरच्या जनावरांसाठी, जाळी-पत्र्याचं हलकं बांधकाम तिन्ही प्रश्नांना पुरून उरतं.

कागद कोणते?

शेवटी व्यवहाराचं. आधी पासबुक आणि सर्व्हे नंबर, आणि सर्व्हे नंबर राखीव जंगलाच्या सीमेला लागून असेल तर मोजणी. जंगलाची सीमा दगडांवर असते आणि दगड सरकतात. नकाशावरची रेषा महसूल आणि वन या दोन्ही खात्यांनी मिळून दाखवावी असा अर्ज करता येतो. मग पंचायतीकडे बांधकामाचा साधा अर्ज: जमीन कोणती, जनावरं किती, लांबी-रुंदी, पाया कसला, छप्पर कसलं, घरच्या वापरासाठी. गाव बफरमध्ये किंवा संवेदनशील क्षेत्रात असेल, तर त्या अर्जाची प्रत रेंज कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. पोडूचा पट्टा असेल, तर वनहक्क समितीत विषय मांडून १२क(८) चा उल्लेख करून ग्रामसभेचा ठराव करून घ्यावा. झाड पाडायचं असेल तर ते आपल्या रानातलं असलं तरी आधी विचारावं. तेलंगणात पाणी, जमीन आणि झाडं यांच्यासाठी २००२ चा वेगळा कायदा आहे.

हे सगळं दोन म्हशींसाठी जास्त वाटेल. पण ज्या गावात वाघाच्या पायाचे ठसे उमटतात तिथे कधी ना कधी पंचनामा होतोच. जनावर मेलं म्हणून भरपाईचा, नाहीतर अतिक्रमण म्हणून कारवाईचा. त्या दिवशी साहेब पहिला प्रश्न विचारणार तो जमीन कोणती हाच. ‘बांधा, काही होत नाही’ हे तोंडी वाक्य बोलणाऱ्याच्या बदलीबरोबर जातं. ग्रामसभेचा ठराव आणि अर्जाची पोच गावच्या दप्तरात राहते, आणि पुढच्या साहेबालाही ती वाचावीच लागते.